तिचं ‘नाही’, माझ्या आवाजात

एका परदेशी मालिकेतल्या डॉक्टरचा मराठी आवाज मी होते. मालिका पुढच्या कुठल्यातरी शतकातली. भलंमोठं एक यान, गावभर माणसं पोटात घेऊन, शनीसारखी कडी असलेल्या एका ग्रहाच्या चंद्रांमधून फिरत असतं. यानाचा कप्तान या डॉक्टरच्या प्रेमात. डॉक्टर त्याच्या प्रेमात नाही. ती तसं सांगते, तो ऐकत नाही. पहिला अख्खा सीझन मुळात एवढंच चालतं. मधूनमधून कुणीतरी यानावर हल्ला करतं, म्हणून त्याला विज्ञानकथा म्हणायचं.

मी औंढ्याची. लोणावळ्यापासून जवळचं गाव, आमची थोडी भाताची जमीन आहे, घरात आई आणि मी. माझं लग्न झालेलं नाही आणि त्याबद्दल मला इथं काही लिहायचं नाही. डबिंगमध्ये मी आडवाटेनं आले. लोणावळ्यात पर्यटकांना फिरवणाऱ्या एका बसवाल्याला पॉइंटांची माहिती सांगणारं रेकॉर्डिंग हवं होतं. ते मी करून दिलं. पुण्यातल्या एका स्टुडिओवाल्यानं सहलीला आलेला असताना ते ऐकलं आणि बसवाल्याकडून माझा नंबर घेतला. तेव्हापासून लोकलनं पुण्याला जायचं, काचेच्या खोलीत हेडफोन लावून उभं राहायचं आणि पडद्यावरच्या बाईचे ओठ हलले की आपण बोलायचं, हे माझं काम झालं. सासवा केल्या, चेटकिणी केल्या, एका कार्टूनमधलं कासव केलं. घरी मी आईसारखंच बोलते. स्टुडिओत शिरताना ‘न्हाई’ दाराबाहेर ठेवायचं आणि ‘नाही’ घेऊन आत जायचं, ही सवय पहिल्या महिन्यातच लागली.

डॉक्टरचं काम आलं तेव्हा मी हरखले होते. पहिल्यांदाच मला हुशार बाई मिळाली होती. ती शस्त्रक्रिया करायची, कप्तानाला चुका दाखवायची, एकटी बसून जेवायची आणि तिला त्यात काही वाईट वाटत नसे. तिसऱ्या की चौथ्या भागात कप्तान तिला विचारतो. ती म्हणते, “नाही. तुम्ही माझे वरिष्ठ आहात, आणि मला तुमच्याबद्दल तसं काही वाटत नाही.” मूळ नटीनं ते अगदी सपाट म्हटलं होतं, एखादा रिपोर्ट वाचून दाखवावा तसं. मीही तसंच म्हटलं.

काचेपलीकडून आमच्या डबिंग डायरेक्टरचा आवाज आला. “छान. आता जरा हसू येऊ दे त्यात.”

“ती हसत नाहीये, दादा.”

“चेहऱ्यावर नाही हसत. आवाजात येऊ दे. पुढं जाऊन ती त्याचीच होणार आहे. प्रेक्षकाला आत्तापासून थोडं कळायला हवं ना.”

हा माणूस वाईट नव्हता. त्यानंच मला श्वास कुठं घ्यायचा ते शिकवलं, ‘च’ आणि ‘च्य’ मधला फरक ऐकायला शिकवलं. मी त्याला दादा म्हणायची ते तोंडदेखलं नव्हतं. पण मी हेडफोन काढून म्हटलं, “तिला आत्ता माहीत नाही पुढं काय होणार. तिला फक्त नाही म्हणायचंय. मी तिच्या नाहीमध्ये हो कसं मिसळू?”

तो हसला, घड्याळाकडं बघितलं आणि म्हणाला, “बरं, जाऊ दे. पुढचा सीन.” अशा रीतीनं ते सपाट ‘नाही’ राहिलं. मग पुढच्या प्रत्येक भागात राहिलं.

कारण कप्तान प्रत्येक भागात काहीतरी करायचा. यानात एक बाग होती, तिथून रोज सकाळी एक रोप तिच्या दाराशी पाठवायचा. यानाच्या संगणकाला विचारून ती केव्हा उठते, कुठल्या मजल्यावर आहे ते काढायचा आणि लिफ्ट नेमकी त्याच्या मजल्यावर थांबवायचा. ज्याच्याबरोबर ती गप्पा मारायची, त्या इंजिनिअरला त्यानं दुसऱ्या यानावर धाडलं. ती कंटाळली आणि तिनं स्वतःची बदली मागितली, तर ती त्यानंच नामंजूर केली. म्हणाला, यानाला तुझी गरज आहे. त्या जागी मागं व्हायोलिनं वाजायची. मी हेडफोनमध्ये ती व्हायोलिनं ऐकत ‘नाही’ म्हणायची आणि दर वेळी मनात यायचं, की ही बाई जाणार कुठं? दार उघडून बाहेर पडावं तर बाहेर हवासुद्धा नाही. जेवायला तोच, लिफ्टमध्ये तोच, पगार आणि बदलीचा कागद त्याच्याच हातात. अशा ठिकाणी माणूस एकदा विचारतो तेव्हा तो प्रश्न असतो. दुसऱ्यांदा विचारतो तेव्हा ती धमकीच असते, भले हातात रोप का असेना.

मालिका आमच्याकडं तुफान चालली. रविवारी दुपारी पुन्हा दाखवायचे तेव्हा शेजारच्या बायका आमच्या पुढच्या खोलीत जमायच्या. माझा आवाज म्हणून कौतुक, पण जीव मात्र सगळ्यांचा कप्तानावर. शेजारच्या मावशी तर त्याच्याकडं बघून उसासे टाकायच्या.

“केवढा जीव लावतोय बया. आन ही भवानी बघंना त्येच्याकडं.”

“मावशी, तिला नको आहे तो.”

“आता नको. मंग व्हईल की. बाईमानसाचं तसंच असतंय.”

आईसुद्धा म्हणाली, “तुझ्या बापानं तीनदा मागनी घातली व्हती मला. तवा कुटं जमलं.”

“मग तू दोनदा नाही म्हणाली होतीस?”

आई शेंगा सोलत होती. तिचा हात थांबला. “मी कशाला म्हनतीय न्हाई? मला कुनी इचारलंच न्हाई. माझ्या वडलांनी दोनदा परत लावलं, तिसऱ्यांदा व्हय म्हनले.” एवढं बोलून ती परत शेंगा सोलायला लागली. माझ्या आईवडलांचा संसार चांगला झाला. पण हे वाक्य तिनं त्याआधी कधी उच्चारलं नव्हतं, आणि त्यानंतर तिनं कप्तानाचं कौतुकही पुन्हा केलं नाही.

माझी चुलतबहीण या रविवारच्या बैठकीत असायची. काकाची थोरली मुलगी, माझ्याहून बरीच लहान; लोणावळ्यातल्या एका हॉटेलात रिसेप्शनवर नोकरीला. बडबडी, नकला करणारी. हॉटेलातली गिऱ्हाइकं आंघोळीला गरम पाणी कसं मागतात त्याची नक्कल करून ती आम्हाला लोळवायची. हळूहळू ती यायची बंद झाली. मी विचारलं तर म्हणाली, डोकं दुखतं. एका रविवारी मी तिला मागच्या अंगणात गाठलं. कपडे वाळत घालत होती.

“काय झालंय?”

“काय न्हाई.”

“मग बघायला का येत नाहीस? माझा आवाज विटला का तुला?”

ती दोरीकडं तोंड करूनच म्हणाली, “ताई, मला हॉटेलात सगळे डॉक्टर म्हणतात.”

मला समजेना. मग तिनं सांगितलं. एक माणूस होता, पर्यटकांना पॉइंट दाखवायच्या दोन गाड्यांचा मालक. एक गाडी स्वतः चालवायचा. हॉटेलची गिऱ्हाइकं त्याच्याकडं जायची, त्यामुळं मॅनेजरशी घसट. त्यानं हिला विचारलं, हिनं नाही म्हटलं. मग तो रोज पोर्चमध्ये गाडी लावून थांबायला लागला. हिची सकाळची पाळी होती, ती मॅनेजरनं बदलून दुपारची केली. नंतर कळलं की त्यानंच सांगितलं होतं, ही सुटते तेव्हा त्याच्या फेऱ्या संपलेल्या असतात म्हणून. ती स्कूटीवरनं घरी निघाली की वळणावर त्याची गाडी उभी. काही करायचा नाही. नुसता हात वर करायचा. आणि काउंटरवर रोज एक रोप ठेवलेलं.

“रोप?” मी म्हटलं.

“व्हय. रोप. सगळ्यांना लय गोड वाटतंय. हाउसकीपिंगच्या मावशी म्हनत्यात, किती नशीबवान हायस. मी परत सांगितलं त्याला, मला नकोय. तर तो म्हनला...” तिनं ओला टॉवेल झटकला. “तो म्हनला, ‘तुझं नाही मला ऐकू येतं, पोचत नाही.’”

ते कप्तानाचं वाक्य होतं. मालिकेतलं सगळ्यात गाजलेलं. लोकांनी ते रिक्षांच्या मागं लिहून घेतलं होतं.

“आन त्याच्यापुढं तुझं वाक्य म्हनून दाखवतो तो,” ती म्हणाली. “बारीक आवाज काढून, लाडात. ‘नाऽही.’ मग सगळे हसतात.”

मी ते लाडात म्हटलं नव्हतं. मी भांडून ते सपाट ठेवलं होतं. आणि तरी लोणावळ्यातल्या एका पोर्चमध्ये एक माणूस माझं ‘नाही’ स्वतःच्या सोयीनं वाकवून माझ्याच बहिणीला ऐकवत होता. मला त्या क्षणी राग आला तो असा, की हातात घेतलेला कपड्यांचा चिमटा मोडला.

“काकाला सांगितलंस?”

“आबांना सांगितलं तर नोकरी सोड म्हनतील. नायतर लग्न कर म्हनतील. दोन्ही मला नको.”

तिनं मला शपथ घातली. मी गप्प राहिले, पण त्या आठवड्यात दुसऱ्या सीझनच्या शेवटच्या भागांचे संवाद आले.

शेवटच्या आधीच्या भागात कप्तान यान मुद्दाम धोक्यात घालतो, डॉक्टर अडकते, तो तिला सोडवतो. शेवटच्या भागात ती त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणते, “बरं झालं तू थांबला नाहीस. माझं नाही कधीच खरं नव्हतं.”

मी ते वाक्य लोकलमध्ये वाचलं. घोरावाडी स्टेशन आलं, गेलं. शेजारची बाई टोपलीत कोथिंबिरीच्या जुड्या रचत होती. मी वाक्य परत वाचलं. ‘माझं नाही कधीच खरं नव्हतं.’ इतके महिने मी जे म्हटलं होतं, ते सगळं या एका वाक्यानं मागं जाऊन खोटं पडत होतं. तिनं खोटं म्हटलं नव्हतं. मला माहीत होतं, कारण ते मी म्हटलं होतं.

स्टुडिओत गेल्या गेल्या मी सांगितलं, “हे वाक्य मी बोलणार नाही.”

दादाला आधी वाटलं, मला शब्द खटकताहेत. “बदलू की. ओठ जुळले म्हणजे झालं.”

“शब्द नाही. म्हणणंच.”

“म्हणणं मूळ लेखकाचं आहे, आपण बदलू शकत नाही. आणि बदलणं बरोबरही नाही.”

“मी बदला म्हणतच नाहीये. मी बोलणार नाही म्हणतेय.”

त्यानं खुर्ची ओढून मला बसवलं, चहा मागवला. शांतपणे म्हणाला, “तू सुनेला विष घालणारी सासू केलीस. तेव्हा काही वाटलं नाही?”

हा प्रश्न चांगला होता. येताना गाडीत मी स्वतःलाच तो विचारला होता. मी म्हटलं, “त्या मालिकेला माहीत होतं ती बाई वाईट आहे. ती आली की ढोल वाजायचे. इथं हा माणूस एका बाईचं जगणं चारी बाजूंनी बंद करतो आणि व्हायोलिन वाजतं. आणि शेवटी त्या बाईकडूनच कबूल करून घेतात, की तिला हेच हवं होतं. तो वाईट वागतो याला माझी हरकत नाही, दादा. त्याला बक्षीस मिळतं आणि ते माझ्या तोंडून द्यायचंय, याला आहे.”

“अगं, यानातली गोष्ट. कुठल्या शतकातली. कोण शिकतंय यातनं?”

“लोणावळ्यात एक जण शिकलाय.”

मी नाव न घेता सांगितलं. तो ऐकत राहिला. चहा निवला. मग म्हणाला, “वाईट आहे. पण तू नाही बोललीस तर दुसरी बोलेल. त्यानं काय फरक पडणार?”

“माझ्यापुरता पडेल.”

“चॅनलवाले पुन्हा तुला बोलावणार नाहीत.”

“नाही बोलावणार.”

“हट्ट आहे हा तुझा.”

“आहे.”

मला आजही ‘तत्त्व’ वगैरे शब्द वापरायला लाज वाटते. हट्टच होता. पण ज्या गोष्टीला कप्तानानं केलं की निष्ठा म्हणतात, ती बाईनं केली की हट्ट होते, एवढं मात्र मला त्या चहाच्या कपापुढं बसून स्पष्ट दिसलं. मी उठले, काचेच्या खोलीत न जाता घरी आले. आईनं विचारलं, आज लवकर? मी म्हटलं, काम सुटलं. ती म्हणाली, हात धू, जेवायला वाढते.

दोन दिवसांनी एका मुलीचा फोन आला. शेवटचे दोन भाग तिला मिळाले होते. संकोचत म्हणाली, “ताई, तुम्ही सोडलं म्हणून कळलं. मी घेऊ का?” मी तिला घे म्हटलं. तिच्यावर राग धरायचं कारण नव्हतं. नाही म्हणायचं की नाही, हे तिचं तिनं ठरवायचं. मी तिच्यामागं लागले असते तर माझ्यात आणि त्या कप्तानात फरक काय राहिला असता?

भाग लागला. गावात पहिली बोंब झाली ती आवाजाची. शेजारच्या मावशी आल्या त्या विचारतच, “आगं, तुझा आवाज असा कसा झाला? सर्दी झालती का?”

“ती मी नाही, मावशी. मी ते वाक्य बोलले नाही.”

“का गं?”

मी सांगितलं. आधी एकीला, मग दुसरीला. विहिरीवर, किराणाच्या दुकानात. कुणी हसलं, कुणी म्हणालं, एवढ्याशा वाक्यासाठी चालतं काम सोडलं, येडी का खुळी. पण शेवटच्या भागात आवाज का बदलला, हे औंढ्यात सगळ्यांना माहीत झालं. ते बरं झालं, कारण पुढच्या पंधरवड्यात तो माणूस आमच्याकडं आला.

रविवारची दुपार होती. काकाच्या घरापुढं पांढरी गाडी थांबली. तो, त्याचा मामा आणि हातात चकचकीत कागदात गुंडाळलेलं एक रोप. काकानं आम्हाला बोलावून घेतलं. दिसायला चांगला होता, वागायला नम्र. आईच्या पाया पडला. माझी बहीण दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, तोंड उतरलेलं.

मामानं बोलणं काढलं. “पोरगं सरळ हाय. दोन गाड्या हायेत, कसलं यसन न्हाई. तुमच्या पोरीवर लय जीव हाय त्येचा. वरीस झालं, दुसरीकडं बघितलं न्हाई त्यानं.”

काका खूश दिसला. त्याला काहीच माहीत नव्हतं. तो लेकीकडं वळला. “काय म्हनतीस गं?”

आमच्या घरात असं आधी कुणा मुलीला सगळ्यांसमोर विचारलेलं मला आठवत नाही. काकाला वाटलं असेल, ती लाजेल. ती चौकटीपासून सुटी झाली.

“आबा, मी यांना आधीच सांगितलंय. काउंटरवर सांगितलं, फोनवर सांगितलं, परवा रस्त्यात गाडी आडवी घातली तिथं सांगितलं. आता तुमच्यासमोर सांगते. मला यांच्याशी लग्न करायचं न्हाई.”

काकाचा चेहरा बदलला. “रस्त्यात? गाडी आडवी?”

तो माणूस मात्र हसला. मला ते हसू अजून आठवतं, कारण त्यात कपट नव्हतं. त्याला मनापासून वाटत होतं, की हा आपल्या गोष्टीतला मधला भाग चालू आहे. “काका, मालिकेतली डॉक्टर पण आधी न्हाईच म्हनते,” तो म्हणाला आणि माझ्याकडं वळला. “ताई, तुमी तर सांगा. तुमचाच आवाज हाय. शेवटी काय व्हतं?”

“नाही म्हणाली तो माझा आवाज,” मी म्हटलं. “दर वेळी माझाच होता. शेवटी जी हो म्हणाली, ती मी नव्हे. हवं तर या बायकांना विचार.”

दारात जमलेल्या बायकांतून शेजारच्या मावशी, त्याच त्या उसासे टाकणाऱ्या, पुढं होऊन म्हणाल्या, “व्हय. तिनं सोडलं ते काम. मला ठावं हाय.”

तो गोंधळला. “पन ताई, ती गोष्ट हाय.”

“मग तू गोष्टीतली रोपं का पाठवतोस?”

मग तो जरा चढ्या आवाजात म्हणाला, “खरं प्रेम असलं की मानूस थांबत न्हाई. मी थांबनार न्हाई.”

तेव्हा आई बोलली. ती आतापर्यंत भिंतीला टेकून बसली होती. “तू थांबनार न्हाईस, मंग तिनं काय करायचं? पळायचं? कुटं पळायचं बाबा? घर हितं, हाटेल तितं, मधी रस्ता एकच. तिला इचारलं, तिनं सांगितलं. आमाला तर कुनी इचारलं बी न्हवतं.” ती उठली, ते रोप उचललं आणि मामाच्या हातात दिलं. “हे घेऊन जा. हितं कुनी पानी घालायचं न्हाई याला.”

मामा शहाणा होता. त्यानं भाच्याचा दंड धरला. काका त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेला नाही, आणि आमच्याकडं पाहुण्याला गाडीपर्यंत न सोडणं म्हणजे काय ते त्या दोघांनाही कळलं.

इथं हे संपलं असतं तर सांगायला बरं वाटलं असतं. संपलं नाही. तो पुढचे काही दिवस वळणावर उभा राहतच होता. हॉटेलच्या मॅनेजरनं माझ्या बहिणीला बोलावून सांगितलं, की आमच्या दुसऱ्या हॉटेलात बदली करून देतो, म्हणजे कटकट नको. ती घरी येऊन म्हणाली, “मी का जाऊ? मी काय केलंय?” काका पहिल्यांदा म्हणाला ते तिनं सांगितलं होतं तेच: नोकरी सोड. तिनं त्यालाही ‘न्हाई’ म्हटलं. मग काका, आई, मी आणि ती, चौघं भर सकाळी हॉटेलात गेलो. गिऱ्हाइकं नाश्त्याला बसलेली. मॅनेजर आम्हाला आत चला म्हणाला, आई म्हणाली, हितंच बोलू.

“हा त्यांचा वैयक्तिक मामला आहे,” मॅनेजर म्हणाला.

“पाळी कुणाच्या सांगण्यावरून बदलली?” मी विचारलं. “तेव्हा वैयक्तिक नव्हता का?”

तो इकडंतिकडं बघायला लागला. काका एवढंच म्हणाला, “माजी पोरगी हितंच काम करनार. सकाळच्याच पाळीला. त्येची गाडी सोडून दुसरी कुटली पोर्चमदी लावायची ती लावा.” आवाज चढवला नाही. नाश्ता करणारी एक म्हातारी पर्यटक बाई चमचा खाली ठेवून आमच्याकडं बघत होती. मॅनेजरला ते सहन झालं नसावं. सकाळची पाळी परत मिळाली, आणि त्या माणसाच्या गाड्यांना हॉटेलची गिऱ्हाइकं मिळणं थांबलं.

त्यानं माफी मागितली नाही. लोणावळ्यात सांगत फिरला, की पोरगी गर्विष्ठ आहे आणि तिची बहीण टीव्हीवरची असल्यानं माज आलाय. हाउसकीपिंगच्या मावशी कितीतरी दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत. त्यांची आवडती मालिका तिनं मध्येच बंद पाडली होती. पुढं त्याचं लग्न झालं, असं ऐकलं. त्या मुलीला कुणी विचारलं होतं का, ते मला माहीत नाही. मी अधूनमधून तिचा विचार करते.

चॅनलनं मला खरंच पुन्हा बोलावलं नाही. दादानं मात्र वर्षभरानं फोन केला, प्राण्यांवरच्या एका कार्यक्रमासाठी. आता मी वाघिणी, हत्तिणी आणि बेडकांबद्दल बोलते. त्यानं मालिकेचा विषय काढला नाही, मीही नाही. फक्त पहिल्या दिवशी काचेपलीकडून म्हणाला, “तुला हवं तसं वाच.”

यंदा लावणीच्या दिवसांत माझी बहीण चिखलात माझ्या शेजारी वाकून रोपं खोचत होती. मध्येच म्हणाली, “ताई, मी एकाला विचारलं.”

“काय?”

“लग्नाचं. आमच्या बसला असतो रोज. शाळेत शिकवतो.” स्कूटी बिघडल्यापासून ती बसनं जायची. “चांगला वाटला. दोन महिने गप्पा मारल्या. मग म्हनलं, विचारून टाकावं.”

मी कंबर सरळ केली. “मग?”

“त्यानं आठवडा मागितला. मी दिला. त्या आठवड्यात मी पुढच्या बसनं जात होते, त्याला अवघड वाटायला नको म्हनून.” तिनं हातातली जुडी सोडली, दोन काड्या वेगळ्या करून खोचल्या. “काल म्हनला, न्हाई. दुसरी कुनीतरी हाय त्याच्या मनात.”

तिचे डोळे सुजलेले होते, ते मी सकाळपासून बघत होते आणि वाऱ्यामुळं असेल असं समजत होते.

“वाईट वाटलं?”

“लय,” ती म्हणाली. “काल सगळी संध्याकाळ रडले. आईला सांगितलं दात दुखतोय.” नाक मनगटानं पुसायला गेली आणि गालाला चिखल लागला. “पन सरळ बोलला गं. बसच्या दारात उभं करून न्हाई, बाजूला घेऊन बोलला. उद्यापासून मी माझ्या नेहमीच्या बसनं जाणार हाय. दिसला तर हसणार हाय. न दिसला तर खिडकीची जागा मिळंल.”

बांधावरून आईनं हाक मारली, भाकरी आली म्हणून. बहीण म्हणाली, “एवढी वळ पुरी करू,” आणि पुन्हा वाकली.